राजाच्या कानातला मणी

पहिल्यांदा रेघ थरथरली ती राजाच्या खालच्या ओठावर.

अरुणा सबनीसला वाटलं, ट्रायपॉडचा स्क्रू सैल झाला असेल. तिने तिन्ही पाय तपासले, स्कॅनरच्या लांब आर्मचे सांधे एकेक करून हलवून पाहिले. सगळं घट्ट होतं. मग तिने आर्मच्या टोकाचं हेड पुन्हा उजव्या हातात घेतलं आणि त्यातून पडणारी लेझरची लाल रेघ राजाच्या हनुवटीवरून हळूहळू वर नेली. ओठांवरून रेघ नीट गेली. नाकपुडीपाशी थोडं थांबायचं होतं. ती थांबली, आणि दोनतीन सेकंदांनी रेघ पुन्हा थरथरू लागली. बारीक, एकसारखी, रस्त्यावर लॉरी उभी असली की खिडकीची काच थरथरते तशी. ट्रायपॉड हलत नव्हता. हलत होता तो तिचा हात.

तिने हेड स्टँडवर ठेवलं, हात कार्डिगनच्या खिशात घातला आणि तशीच उभी राहिली. म्युझियमच्या स्टोअरमध्ये त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. लेझरला उजेड चालत नाही म्हणून अर्धे दिवे मालवलेले. उंच रॅकवर प्लास्टरचे देव, पक्षी, जबडे पसरलेले साप ओळीने ठेवलेले. समोर राजाचं तोंड, तेही प्लास्टरचं, डोळे अर्धे मिटलेले. ‘थंडी आहे,’ अरुणा स्वतःशी म्हणाली. २००६च्या नोव्हेंबरातला तो दिवस होता आणि थंडी खरोखरच होती. पण खिशातल्या हाताचा अंगठा अजून हलतोय, हे तिला अस्तराला लागून कळत होतं.

अरुणा तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. १९७६ साली लग्न होऊन ती सांगलीहून बर्मिंगहॅमला आली. नवरा पद्माकर बस डेपोत इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांनी तिला गाड्यांचे दरवाजे आणि पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. तिथल्या फोरमनच्या लक्षात आलं, की ही बाई खोक्यात भरता भरता वाकडं पॅनेल नुसत्या नजरेने बाजूला काढते. त्याने तिला तपासणीवर घेतलं, तिथून ती मेजरिंग रूममध्ये गेली आणि मग कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिली. लेझर स्कॅनर आला तेव्हा खोलीतले पुरुष त्याच्यापासून चार हात लांब राहिले. अरुणाने तीन आठवड्यांत तो शिकून घेतला. एखाद्या मापावरून वाद झाला की म्हणायचे, अरुणाला धरू दे, तिचा हात हलत नाही.

२००५ साली कारखान्याला कुलूप लागलं. आठ महिने ती घरी बसून होती. मग एका म्युझियमला स्कॅनर चालवणारं माणूस हवंय, असं कळलं. इंटरव्ह्यूला गेली तेव्हा तिला वाटलं होतं, भांडीकुंडी मोजायची असतील.

काम वेगळंच निघालं. सव्वाशे वर्षांपूर्वी एक इंग्रज प्रवासी ग्वाटेमालाच्या जंगलात गेला होता. तिथे माया लोकांनी कोरलेल्या शिळा त्याला सापडल्या. त्याने त्यांच्यावर ओला कागद आणि प्लास्टर दाबून साचे घेतले, साचे खेचरांवर लादून, बोटीत घालून इंग्लंडला आणले, आणि इथे त्यांतून प्लास्टरच्या प्रती ओतून घेतल्या. म्युझियमने त्या काही वर्षं मांडल्या, मग फॅशन गेली तशा स्टोअरमध्ये ढकलल्या. तिकडे जंगलात मूळ शिळा पावसाने झिजल्या. ह्या राजाची शिळा तर चोरांनी करवतीने कापली आणि वरचा भाग पळवला. तो कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे राजाचा चेहरा, त्याचा पिसांचा मुकुट आणि बाजूची चित्राक्षरांची ओळ जगात आता एकाच ठिकाणी उरली होती, बर्मिंगहॅमच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, टायरच्या गोडाऊनशेजारी. ती स्कॅन करायची, ब्रिस्टलच्या एका वर्कशॉपमध्ये यंत्रावर तिची नवी प्रतिकृती कोरून घ्यायची आणि ती त्या शिळेच्या गावाला पाठवायची, असं ठरलं होतं.

प्लास्टरच्या प्रतींची निगा राखायचं काम ग्लेनिस प्रॉबर्ट नावाच्या वेल्श बाईकडे होतं. पन्नाशीची, आखूड केसांची, कमी बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी अरुणाला राजासमोर उभं करून सांगितलं होतं, की हे प्लास्टर आतून पोकळ झालंय. वर कातडी धरलीय एवढंच. कित्येक वर्षं छत गळत होतं त्याचा परिणाम. म्हणून ह्याला हात लावायचा नाही, हेड वीतभर लांब ठेवायचं, आणि कानातल्या कुंडलाच्या मागच्या खाचेत जायची वेळ येईल तेव्हा आधी मला बोलवायचं.

हात हलला म्हणून मापं चुकत नसत. आर्मच्या सांध्यांना हेड कुठे आहे ते क्षणोक्षणी कळत असतं, त्यामुळे रेघ कापली तरी पडद्यावरचा राजा सरळच उमटायचा. त्या बाबतीत अरुणा निश्चिंत होती. भीती होती ती वीतभर अंतराची. वीत आक्रसत गेली तर काय होईल, ह्याची.

आणि दुसरी एक भीती होती, ती ह्याहून जुनी.

अरुणाचे वडील सांगलीला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. फळ्यावर कंपासशिवाय गोल काढायचे; पोरं दोरी लावून तपासायची आणि गोल बिनचूक निघायचा. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना कंपवात सुरू झाला. आधी अंगठा. मग खडू. मग वर्गात हसू. अरुणा १९८५ साली माहेरी गेली तेव्हा ते खुर्चीत उजव्या हातावर बसून राहिले होते, कोणाला दिसू नये म्हणून. आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायची आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. त्यांच्या शेवटच्या दिवसांत अरुणा तिथे नव्हती. भावाच्या पत्रातून जेवढं कळलं तेवढंच. पण हातावर बसलेले वडील तिला पुढे कितीतरी वर्षं दिसत राहिले.

त्या संध्याकाळी बसमध्ये तिने मुद्दाम हात मांडीवर मोकळा ठेवला आणि बघत राहिली. कॅनॉलच्या पुलापर्यंत काही झालं नाही. मग अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, अगदी हळू, कापसाची वात वळावी तसा. ती काही करत नव्हती. तो आपला आपणच वळत होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याची नजर तिकडे गेली, तशी तिने हातावर पर्स ठेवली.

तिने कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेली नाही. डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं होणार, आणि तोवर ते थंडीमुळे आहे, वयामुळे आहे, चहामुळे आहे, असं म्हणायला जागा होती. तिने चहा सोडला. सकाळी हात जरा बरा असायचा, म्हणून अवघड भाग सकाळी घ्यायला लागली. कोपर बरगडीला टेकवलं तर रेघ कमी कापते, हे तिच्या ध्यानात आलं; मग ती स्कार्फने दंड अंगाशी बांधून काम करू लागली. ग्लेनिसने विचारलं तेव्हा खांदा धरलाय म्हणून सांगितलं. घरी ती कप डाव्या हाताने उचलायची. पद्माकर समोर बसलेला असायचा, पेपर वाचत. तो काही विचारत नव्हता आणि ते तिला बरं वाटत होतं.

मुलगी ऋजुता लीड्सला बँकेत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. एकदा ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “आई, तुझा आवाज वेगळी वाटते. तू टायर्ड आहेस का?” अरुणा म्हणाली, थोडी सर्दी आहे. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, की हे रक्तातून उतरत असेल तर माझ्यापाशी थांबेल कशावरून? तिने तो विचार तिथेच दाबला, पण तो पुन्हा पुन्हा वर यायचा. भाजी चिरताना, बस स्टॉपवर, राजाच्या मुकुटातलं एकेक पीस मोजताना.

डिसेंबरात ती एका लांबच्या लायब्ररीत गेली, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा भागातल्या. आजारांच्या माहितीपत्रकांचा एक स्टँड होता. त्यातलं हवं ते तिने उभ्या उभ्या वाचलं. हात स्वस्थ असताना कापतो. एका बाजूने सुरू होतो. कंप सेकंदाला चार ते सहा. ती मापं घेणारी बाई होती; बाकीचं ती विसरली असती, पण तो आकडा डोक्यात रुतून बसला. पत्रक तिने जागेवर ठेवलं आणि स्टँड नीट सरळ केला.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत राजा जवळजवळ पुरा झाला होता. चेहरा, मुकुट, छातीवरचा पट्टा, अक्षरांची ओळ. राहिलं होतं ते डावं कुंडल. ह्या कुंडलाच्या चकतीखाली वाटाण्याएवढा एक मणी लोंबत होता आणि त्याच्यामागे खोल खाच होती. मणी पुढून स्कॅन झालेला होता, मागची बाजू बाकी होती. हेड तिरकं करून, अगदी जवळ नेऊन, दोन मिनिटं स्थिर धरायचं होतं.

मंगळवार होता. ग्लेनिस वर मीटिंगला गेली होती, अकरापर्यंत येणार होती. अरुणा थांबू शकली असती. पण हात सकाळी बरा असतो, अकरानंतर तो मानत नाही, आणि ग्लेनिस शेजारी उभी राहिली तर तिला दिसणार. म्हणून तिने दंड बांधला, श्वास सोडला आणि एकटीनेच हेड खाचेशी नेलं.

पहिलं मिनिट चांगलं गेलं. लाल रेघ मण्यामागे शिरली, खाचेच्या तळाशी वळली. अजून थोडं, एवढंच ती म्हणत होती. मग हाताने सुरुवात केली. तिला मागे घ्यायचं होतं, पण मागे घेताना हेडची कड चकतीला लागली.

आवाज अगदी बारीक होता, बिस्किटाचा कोपरा मोडावा तसा. मणी खालच्या फोमवर पडला आणि त्याच्यामागून पांढरी भुकटी बराच वेळ गळत राहिली.

तिने हेड ठेवलं. राजाच्या कानाखाली आता एक कोरा, खरबरीत डाग होता. तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तिने टिशू काढला, मणी उचलला, गुंडाळला आणि कार्डिगनच्या खिशात टाकला. मग भुकटी मऊ ब्रशने गोळा केली. हे सगळं करताना, आपण हे करतोय, असं तिला वाटतच नव्हतं. ग्लेनिस आली, तोवर राजावर कापड पांघरलेलं होतं. अरुणा म्हणाली, डोकं दुखतंय, आज एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. पडद्यावर राजा अखंड होता. मणी जागच्या जागी होता. मागच्या बाजूचाही बराचसा भाग मोडण्याआधी आत आला होता. उरलेलं भोक सॉफ्टवेअरने भरता येण्यासारखं होतं. ब्रिस्टलला जी प्रतिकृती बनेल तिच्यात मणी असणार. जुन्या प्रतीकडे कोण बघायला येतंय? कापड घातलं, क्रेटमध्ये गेली, अजून पन्नास वर्षं कोणी उघडणार नाही. अरुणाला हे सुचलं आणि सुचताक्षणी स्वतःची भीती वाटली. सत्तावीस वर्षं कारखान्यात काढून तिने एकदाही खोटं माप लिहिलेलं नव्हतं.

मग तिने आणखी एक गोष्ट केली. स्कॅनर प्रत्येक रेघेबरोबर वेळ आणि हेडची जागा नोंदवतो. ती नोंद एरवी कोणी उघडत नाही. तिने मंगळवारची उघडली, शेवटची वीस सेकंदं निवडली आणि हेडच्या वाटेचा आलेख काढला. करवतीचे दाते असतात तशी रेघ आली. तिने एका सेकंदातले दाते मोजले. पाच. पुढच्या सेकंदातले मोजले. पाच. तिने मागे जाऊन नोव्हेंबरातल्या ओठावरच्या रेघेची नोंद काढली. दाते लहान होते, पण होते पाचच.

तिने आलेख छापून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. आता थंडी, वय, चहा म्हणायला जागा राहिली नव्हती.

गुरुवारी बर्फ पडलं. बस बंद, शाळा बंद, म्युझियमचा फोन आला की येऊ नका. चार दिवस ती घरात होती आणि मणी तिच्या शिवणाच्या डब्यात, रिळांखाली. ती स्वयंपाक करायची आणि डब्याकडे बघायची. बाहेर शेजारची मुलं बर्फात ओरडत होती. दारावर पोस्टमन आला तरी ती आधी डब्याचं झाकण लावायची, जणू कोणी तो मणी न्यायलाच आलंय.

शनिवारी दुपारी पद्माकर डेपोतून आला. कोटाचं एक बटण तुटून हातात आलं होतं. त्याने कोट खुर्चीवर टाकला. एरवी त्याला काही बोलावं लागत नसे. सुईदोरा घेऊन अरुणा बसायची. त्या दिवशी ती म्हणाली, मग लावते.

पद्माकरने शिवणाचा डबा स्वतःच ओढला. चष्मा कपाळावर चढवून सुई ओवली, दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा जमली, आणि तो बटण लावायला लागला. टाके वेडेवाकडे पडत होते. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने सुई हातात धरलेली तिने पाहिली नव्हती.

“तुम्ही कशाला लावताय?” अरुणा म्हणाली. “मी लावणार होते ना.”

“असू दे,” तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

तेव्हा तिला कळलं.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“डिसेंबरपासून बघतोय. कप डाव्या हातात घ्यायला लागलीस तेव्हापासून.”

“मग विचारलं का नाही?”

पद्माकरने दोरा दातांनी तोडला. “तुझ्या वडिलांना मी पाहिलंय, अरुणा. मी विचारलं असतं तर ते खरं ठरलं असतं, असं वाटायचं मला. रोज सकाळी म्हणायचो, आज बघू, आज बरा असेल.”

अरुणाने आलेख काढून त्याच्यापुढे ठेवला. दाते मोजून दाखवले. मग डब्यातला टिशू उघडून मणीही दाखवला आणि सगळं सांगितलं. ग्लेनिसला न बोलावता पुढे गेल्याचं, खिशात टाकल्याचं, भोक भरून टाकावं असं मनात आल्याचंही. पद्माकरला मणी हातात घ्यायचा धीर झाला नाही. तो नुसता वाकून बघत राहिला. शेवटी म्हणाला, सोमवारी मी येऊ का तुझ्याबरोबर? ती नको म्हणाली. पण तो बस स्टॉपपर्यंत आला, बस वळेपर्यंत तिथे उभा राहिला.

सोमवारी अरुणाने ग्लेनिसच्या टेबलावर टिशू उघडून ठेवला आणि त्याच्याशेजारी आपला उजवा हात, मोकळा. तो कापत होता. तिने थांबवायचा प्रयत्न केला नाही.

ग्लेनिसने आधी मणी पाहिला. भिंगाखाली धरून, फिरवून, बराच वेळ. उद्यापासून येऊ नको, हे शब्द अरुणा मनात आधीच ऐकत होती.

“तुकडा एवढाच आहे? अजून काही पडलं?”

“भुकटी. ती गोळा केलीय. पाकिटात आहे.”

मग ग्लेनिसने हाताकडे पाहिलं. तिचा चेहरा बदलला, पण तिने सांत्वन वगैरे केलं नाही. ड्रॉवरमधून नुकसानीचा फॉर्म काढला. “मला हे लिहावं लागेल,” ती म्हणाली.

“लिही.”

“कारण असा एक रकाना आहे. त्यात काय लिहू, ते तू सांग. हेड निसटलं असंही लिहिता येईल.”

अरुणाला क्षणभर खूप मोह झाला. मग ती म्हणाली, “हात कापतो असं लिही. आणि तीन महिने लपवलं, तेही लिही.”

काम थांबवण्यात आलं. अरुणाला घरी पाठवलं, निर्णय कळवू म्हणून सांगितलं. ते दोन आठवडे आणि त्यापुढचे हॉस्पिटलच्या तारखेची वाट बघण्याचे, असा तो काळ तिला पुढे नीट आठवायचाही नाही. जीपीने, म्हणजे तिच्या नेहमीच्या डॉक्टरने, तिला तर्जनी अंगठ्यावर भरभर आपटायला लावली आणि न्यूरॉलॉजीला पत्र लिहिलं. तारीख एप्रिलमधली मिळाली. तोवर रोज सकाळी जाग आली की ती डोळे न उघडता आधी पांघरुणाखालच्या हाताचा अंदाज घ्यायची. डावा हात कधी सुरू होतो, ह्यावर तिचं लक्ष असायचं. डावा पाय जिन्यावर अडखळला तरी ती जागीच थिजायची.

एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी तिला कॉरिडॉरमध्ये चालवलं, एकच वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. दहावी ओळ पहिलीच्या निम्म्याने बारीक झाली होती. ते अरुणाच्या आजवर लक्षात आलं नव्हतं आणि त्याचाच तिला सगळ्यात मोठा धक्का बसला. तिने पर्समधून आलेख काढला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा पाहिला, तुम्हाला हा कुणी काढून दिला असं विचारलं, आणि मीच काढला म्हटल्यावर एक कॉपी फाइलला लावून घेतली. मग त्यांनी नाव घेतलं. तेच, वडिलांचंच. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांच्या वेळची औषधं आणि आजची औषधं ह्यांत फरक आहे, पण बरा होणारा आजार हा नाही. मुलीबद्दल अरुणाने विचारलं. बहुतेक वेळा हा असा वारशाने उतरत नाही, पण खात्री देता येत नाही, असं उत्तर मिळालं. ते उत्तर ती आणि पद्माकर दोघंही घरी घेऊन आले आणि ऋजुताला फोनवर कसं सांगायचं, हे दोघांनाही सुचेना. शेवटी पद्माकरने सांगितलं. शुक्रवारी ऋजुता न कळवता येऊन उभी राहिली आणि तीन दिवस आईच्या मागे मागे घरभर फिरत राहिली.

म्युझियमचा निर्णय त्याआधी मार्चमध्येच आला होता. तोही सोपा नव्हता. अरुणाने ह्यापुढे कुठल्याही वस्तूपासून एक मीटरच्या आत उपकरण धरायचं नाही. नुकसान तिच्या नावावर नोंदलेलं राहील. पण जमा केलेली मापं वाचणारं, जुळवणारं दुसरं कोणी त्यांच्याकडे नव्हतं, आणि ग्लेनिसने लेखी कळवलं होतं, की मणी परत बसवायला ह्याच बाईची मापं लागणार आहेत.

आणि तसंच झालं. तुटलेल्या जागेचा कण न् कण पडद्यावर मोठा करून अरुणा सांगत गेली. अर्धा मिलिमीटर डावीकडे, आता थोडा पुढून खाली. ग्लेनिसने चिमट्यात धरलेला मणी थेंबभर सरसावर टेकवला. सांधा दिसत होता. भिंगाशिवायही, माहीत असलेल्याला. मग अरुणाने कॅमेऱ्याच्या जुन्या रुळावर हेड बसवायची एक युक्ती केली. रूळ ग्लेनिस सरकवायची, अरुणा लांबून पडद्यावर बघायची. खाचेची राहिलेली बाजू जूनमध्ये पुरी झाली.

ऑक्टोबरात ब्रिस्टलहून बोलावणं आलं. पद्माकर सुट्टी घेऊन बरोबर आला. वर्कशॉपमध्ये यंत्राने कोरलेली प्रतिकृती उभी होती, पुरुषभर उंच, अजून न रंगवलेली. मण्यापासून पिसांपर्यंत सगळं होतं. अरुणा सवयीने एक मीटरवर थांबली. तिथला कारागीर म्हणाला, लावा की हात, काही होत नाही ह्याला. तिने पद्माकरकडे पाहिलं. मग पुढे झाली आणि उजवा हात राजाच्या गालावर ठेवला. वर्षभर जो चेहरा तिने फक्त उजेडाने शिवला होता, तो तिच्या हाताखाली गार आणि टणक लागला. हात कापत होता, बोटं त्याच्या कानाशी ठकठक वाजत होती, आणि काहीही मोडत नव्हतं. ती बराच वेळ तशी उभी होती. पद्माकर बाहेर जाऊन गाडीपाशी थांबला.

राजा बोटीने गेला. गावातल्या शाळेजवळ एक छप्पर घालून त्याला उभा केल्याचं ग्लेनिसला ईमेलने कळलं.

औषधांनी हात बराच आवरला, पण दिवसातले काही तास तो कोणाचं ऐकायचा नाही. २००९ साली डाव्या हाताचाही अंगठा हलायला लागला. ज्या गोष्टीची अरुणा अडीच वर्षं रोज वाट बघत होती ती आली, तेव्हा ती स्टोअरमध्येच होती, कॉम्प्युटरसमोर. समोर दुसरी एक प्लास्टरची प्रत होती, जग्वारचं तोंड, पहिल्याहून पोकळ झालेली. ग्लेनिस रुळापाशी उभी होती. अरुणाने डावा हात मांडीखाली घातला. आपण काय केलं ते कळताच तिने तो बाहेर काढून टेबलावर ठेवला, उजव्याशेजारी. ग्लेनिसला ते दिसलं असावं. तिने तोंड फिरवलं नाही.

“अजून जवळ नेऊ?” तिने विचारलं.

अरुणाने पडद्यावरची रेघ पाहिली. रेघ सरळ होती.

“दोन सेंटिमीटर,” ती म्हणाली. “हळू. अजून थोडं. बास, थांब.”